मागच्या चाकाची हवा

नव्वदच्या दशकात आम्ही जुन्या मेटाडोरमध्ये गाद्या, शेगडी बसवून फिरतं घर केलं आणि निघालो की हो कन्याकुमारीला! यजमानांनी बजावलं होतं, “पाटा-वरवंटा घेतलास तर तू घरीच राहा.”

आमच्या बसवनगुडी भागातले कानडी हवावाले अण्णा म्हणाले, “रिकाम्या गाडीत हवा भरत नाही मी. सामानासकट सगळे बसा.”

बसलो. अण्णांनी एकेका चाकाचं पोट चाचपलं आणि माझ्या सीटखालच्या चाकाशी थांबले. “इथं एवढं वजन कसलं?”

मी घाईनं पदर सीटखाली सोडला. यजमान वळले. अण्णांनी माझा चेहरा पाहिला, मागे हवा वाढवली. “काही नाही सर, अक्काच स्वल्प जड आहेत!”

कन्याकुमारीत चटणी चाटत यजमानांनी विचारलं, “ही कशावर वाटलीस?”

म्हटलं, “माझ्या वजनावर!”