आबा, चार्जर तापलाय का?

माझ्या लॅपटॉपचा मूळचा चार्जर गळ्याशी गेला. वायर जिथं त्या काळ्या ठोकळ्यात शिरते तिथं आधी कव्हर उललं, मग आतली तार दिसायला लागली, आणि एक दिवस तिथून ठिणगी उडाली. मी कॉटवर पाय वर घेऊन बसले. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, शांतपणे उठून बटण बंद केलं आणि म्हणाले, "चिकटपट्टी लाव की."

चिकटपट्टीवर माझा भरवसा नव्हता. दुसऱ्या दिवशी शिरूरला जाऊन नवा चार्जर आणला. कंपनीचा मागवला असता तर यायला वेळ लागणार होता, आणि मी संध्याकाळी मुलांना ऑनलाइन गणित शिकवते, ते बंद पडलं असतं. दुकानदार म्हणाला, "फर्स्ट कॉपी हाय ताई, ओरिजिनलला मागं टाकंल." कॉपीत पहिला नंबर कोण देतं, हे विचारायचं तेव्हा सुचलं नाही.

तो चार्जर पहिल्या दिवसापासून तापायचा. जुनाही कोमट व्हायचा, पण ह्याला हात लावला की हात आपोआप मागे यायचा. मी मुळातच भित्री. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, माझ्यापाठी तर तो बिऱ्हाड घेऊन राहायला आलाय. ठोकळा गादीवर ठेवायचा नाही, फरशीवर ठेवायचा, वर कपडा टाकायचा नाही, वायर खुर्चीच्या पायाखाली येऊ द्यायची नाही, असे नियम मी घरात लावले. घरात आम्ही दोघंच. इनामगावच्या पुढं, घोड नदीच्या अंगाला आमची वस्ती, आणि ज्या खोलीत लॅपटॉप चार्जिंगला असतो त्याच खोलीत आबा दुपारचे झोपतात. भिंतीला लागून बाहेर कडब्याची गंज. ठोकळा पेटला, गंजीनं पेट घेतला आणि आबा आत झोपलेले, हे चित्र मला भर बाजारात कोथिंबीर निवडतानाही दिसायचं.

मग बाहेर जाताना बंद का करत नव्हते? कारण आमच्याकडं लाईटचा भरवसा नाही. आहे तोवर बॅटरी भरून घ्यायची, नाहीतर संध्याकाळी वर्ग अर्ध्यात बुडतो. त्यामुळं चार्जिंगला लावून शिरूरला जायचं आणि एसटीत बसल्या बसल्या घरी फोन लावायचा.

"आबा, चार्जर तापलाय का? हात लावून बघा."

फोन खाली ठेवल्याचा आवाज, चपलांचा आवाज, आणि मग, "न्हाई. मेंढीच्या नाकावानी गार हाय."

एवढं ऐकलं की माझा जीव भांड्यात पडायचा. आबांचा हात म्हणजे साधी गोष्ट नव्हती. वस्ती करून ऊस लावायच्या आधी आमच्या घरात मेंढरं होती. जनावराच्या कानाला हात लावून आबा ताप आहे की नाही सांगायचे आणि लोक लांबून त्यांना बोलवायला यायचे. लहानपणी माझ्या कपाळावर तो हात पडला की आई डॉक्टरकडं जायचं की नाही ते ठरवायची. तोच हात आता माझ्या चार्जरवर होता, आणि मी निश्चिंत होते.

दौंडला आत्याच्या नातवाचं बारसं होतं. आबांनी यायचं टाळलं. पाळण्याची गाणी चालली असताना मी अंगणात जाऊन फोन करत होते. शेवटी आबा वैतागले. "तू बारशाला गेलीस का पहाऱ्याला? बरं, मी हितंच बसतो. हात ठिवूनच बसतो त्याच्यावर. मग तर झालं?"

"तेवढं कराच," मी म्हणाले, आणि जिलबी मागून घेतली. बऱ्याच दिवसांनी मी एका जागी बसून जेवले.

घरी परतले तेव्हा दारातच वास आला, तापलेल्या प्लास्टिकचा, नाकाला झोंबणारा. आबा फरशीवर भिंतीला टेकून बसले होते. शब्दाला पक्का माणूस. उजवा हात ठोकळ्यावर पालथा ठेवलेला, डोळा लागत आलेला. मी धावत जाऊन बटण बंद केलं आणि ठोकळा उचलायला गेले तर बोटं पोळून माझ्या हातातून तो खाली पडला. खालच्या बाजूनं प्लास्टिक फुगलं होतं.

"आबा, हात बघू."

"काय झालं हाताला?"

मी त्यांचा तळहात उलटा केला. मधोमध लालभडक होऊन मोठा फोड आला होता. आबांनी त्याच्याकडं असं पाहिलं की जणू तो शेजाऱ्याचा हात होता. "आयला," ते म्हणाले, "हे कवा झालं?"

आग लागेल म्हणून मी इतके दिवस घाबरत होते. आता कळेना की ह्या माणसाला आणखी काय काय कळत नव्हतं. चुलीवरचं भांडं फडकं न घेता उतरवतात ते, माझ्या आंघोळीचं पाणी हात घालून बघतात ते. मी त्याला त्यांचा राकटपणा समजत होते. थोडा अभिमानही होता मला त्याचा.

शिरूरच्या डॉक्टरांनी फोडावर मलम लावलं आणि आबांच्या शुगरची जुनी फाईल मागितली. शुगरनं पायाच्या नसा बधिर होतात एवढं आम्हाला माहीत होतं, पाय रोज बघायचे हेही माहीत होतं. हाताचं कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. त्यांनी आबांना डोळे मिटायला सांगितलं आणि कापसाचा बोळा घेतला. "बोटांना लागलं की सांगायचं."

त्यांनी अंगठ्याला कापूस लावला. आबा गप्प. मग मधल्या बोटाला, मग करंगळीला. आबा गप्पच. मी शेजारी उभी होते, माझा श्वास त्यांना ऐकू येत असणार. डॉक्टरांनी कापूस ट्रेमध्ये ठेवून दिला आणि लिहायला पेन उचलला.

"व्हय," आबा डोळे मिटूनच म्हणाले, "आता लागलं. तेवढं हिला सांगा डाक्टर. लई घाबरती ती."