गजाला तेल

माझी नात व्हायोलिन वाजवते. लहानपणापासून गुरुजींसमोर मांडी घालून शास्त्रीय शिकली आणि आता मेटल म्हणतात त्या दणक्याच्या बँडमध्ये वाजवते. तिथला गाणारा पोरगा असा ओरडतो, की पायावर लोखंडी तुळई पडली असं वाटावं. मला त्यातलं काही कळत नाही. माझ्या बायकोला कळायचं.

बायको या उन्हाळ्यात गेली. ती होती तेव्हा सुकापूरच्या आमच्या घरात सकाळी नात जमिनीवर बसून, व्हायोलिनचं डोकं घोट्यावर टेकवून भैरवी काढायची. बायको समोर बसून मोड आलेले वाल सोलायची. बँडचं ऐकून तिनं कधी नाक मुरडलं नाही. "ओरडू दे गो त्याला," म्हणायची, "तू तुझं हळू काढ." पहिला मोठा कार्यक्रम होईल तेव्हा पुढच्या रांगेत बसणार होती. नातीनं कबूल केलं होतं, सुरुवातीला नुसती भैरवी, आजीसाठी. मग बाकीच्यांनी काय तो धुडगूस घालावा.

कार्यक्रम ठरला दसऱ्याला. आदल्या दिवशी खंडेनवमी. वर्ष सरलं नव्हतं, म्हणून घरात तोरण नाही, गोडधोड नाही. पण हत्याराची पूजा चुकवायची नसते. व्हायोलिनला हळदकुंकू दर वर्षी बायकोच लावायची.

"आजोबा, यंदा तुम्ही करा," नात म्हणाली.

मी तळोज्याच्या कारखान्यात फिटर होतो. आमच्याकडे त्या दिवशी पाने, पकडी, हातोड्या पुसायच्या, तेलाचा हात फिरवायचा, मग कुंकू, फूल, आणि दसऱ्यापर्यंत हात लावायचा नाही. तसंच केलं. व्हायोलिन ज्या काठीनं वाजवतात त्या गजाचे केस पांढऱ्या पुडीनं माखले होते. ते फडक्यानं लख्ख केले आणि खोबरेल चोळलं. शेवटी शेवटी बायकोच्या केसांना मीच तेल लावायचो. हात तसाच चालला.

दसऱ्याला हॉलवर नातीनं गज तारेवर ओढला. आवाजच नाही. नुसता सरकला.

"आजोबा, गजाला काय लावलंत?"

"तेल."

"खोबरेल?"

"मग काय, मशीनचं लावू?"

तो ओरडणारा पोरगा हसला. "आजोबांनी गजाची चंपी केली!" नातीचे डोळे भरलेले बघून त्यानं हसू आवरलं. तिनंच मला सांगितलं, ती पांढरी पूड म्हणजे राळ. तिच्यामुळे केस तारेला धरतात, आणि तेलावर ती परत बसत नाही. नातीचा दुसरा गज नवे केस बसवायला दिलेला होता.

"बाय, म्हातारीनं न्यायचं होतं ते मला," मी म्हटलं. "नुसती नासधूस करायला मागं राहिलोय."

"असं बोलायचं नाय," ती माझ्याच बोलीत म्हणाली आणि गज उजेडात धरला. मुठीजवळ, जिथं मी पकडलं होतं, तिथले थोडे केस कोरडे राहिले होते. तिनं तेवढेच केस तारेवर कराकरा घासून बघितले. आवाज आला, आखूड आणि खरखरीत.

"आपल्या गाण्यांना हेच पायजे!" पोरगा म्हणाला.

"भैरवीला नाय चालत. तिला गज लांब ओढावा लागतो." मग खाली बघत म्हणाली, "आजीचं राहिलं."

मी पुढच्या रांगेत बसलो. शेजारच्या खुर्चीवर पिशवी ठेवली, कुणी बसू नये म्हणून. दिवे मंद झाले. सगळे गिटारवाले उभे, माझी नात तेवढी खाली बसलेली. तिनं गज बाजूला ठेवला. व्हायोलिन मांडीवर आडवं घेतलं आणि बोटानं तार छेडली. एक सूर, मग थांबून दुसरा. भैरवीच होती, पण थेंबाथेंबानं. काळे टीशर्ट घातलेली एवढी पोरं, कुणी खोकलंसुद्धा नाही.

हा आवाज मी ओळखला. सोललेला वाल स्टीलच्या पातेल्यात पडतो ना, तसा. बायको समोर बसली होती असंच म्हणा.

मग नातीनं गज उचलला, मुठीजवळचे कोरडे केस तारेवर टेकवले आणि दणका सुरू झाला. खुर्ची हादरत होती, छातीही. मी कानांवर हात ठेवले नाहीत.

घरी आल्यावर वाल भिजत घातले. मला सोलता येत नाहीत. पण मोड यायला अवकाश आहे, आले की नात शिकवील.