गिरजाबाई आणि पटावरचं बारावं नाव

माझ्या वऱ्हांड्यातून शाळेचं पटांगण दिसतं आणि हजेरी स्पष्ट ऐकू येते. यजमान वनखात्यातून निवृत्त झाले तेव्हा आम्ही मूल या तालुक्याच्या गावापलीकडे, जंगलाला लागून असलेल्या या गावात घर बांधलं. ते गेले, मी राहिले. रोज पावणेअकराला मी रोजनिशी लिहायला बसते आणि त्याच वेळी समोर मिथुन सर नावं पुकारू लागतात. तेवीस नावं, तेवीस वेळा ‘हजर सर’. लिहिता लिहिता समासात रेघा ओढायची मला सवय लागली. एका हजेरीला एक रेघ.

गिरजाबाई त्या शाळेत खिचडी शिजवतात. लग्न होऊन या गावात आल्या तेव्हा शाळा नव्हती. शाळेच्या पायाचे दगड ज्या बायांनी डोक्यावर वाहिले त्यांतल्या त्या एक. स्वतः कधी वर्गात बसल्या नाहीत. त्यांना दोनच शब्द लिहिता येतात, ‘गिरजा’ आणि ‘सरिता’. दोन्ही त्यांना नातीने, सरितानेच, चुलीपुढच्या राखेत बोट फिरवून शिकवले. तेवढ्या सहीच्या बळावर त्या शाळा व्यवस्थापन समितीत आल्या. मुलगा आणि सून दर हिवाळ्यात मिरची तोडायला तेलंगणात जातात, म्हणून सरिता आजीजवळच वाढली. गेल्या जुलैत तिला ताप भरला. गडचिरोलीच्या वाटेवर, गाडीतच, आजीच्या मांडीवर ती गेली. दुसरीत होती.

सोळा जानेवारीच्या पानावर मी लिहिलं आहे : ‘अर्धं गाव मिरचीला गेलं. घरांना कुलपं. हजेरी मात्र तेवीस.’

दुसऱ्या दिवशी जुन्या वह्या द्यायच्या निमित्ताने मी शाळेत गेले. एका खोलीत चारही इयत्तांची मिळून नऊ मुलं बसली होती. सर मान खाली घालून नावं पुकारत होते आणि ती नऊ मुलं आळीपाळीने, आवाज बदलून, तेविसांची हजेरी देत होती. कुणी हसत नव्हतं. अकरावं नाव रंजीताचं. ती आपल्या आवाजात ‘हजर सर’ म्हणाली. बारावं नाव आलं, ‘सरिता.’ तिच्या शेजारची जागा रिकामी होती. रंजीताने मान किंचित तिकडे वळवली आणि बारीक, नाकातल्या आवाजात म्हणाली, “हजर सर.”

तो आवाज मी ओळखत होते. बोरं मागायला माझ्या फाटकाशी यायचा तो.

मागे स्वयंपाकखोलीत गिरजाबाईंचा हात पातेल्यावर थांबला होता. तेरावं नाव पुकारल्यावर तो पुन्हा फिरू लागला. दुपारी त्या रिकाम्या जागेपुढे त्यांनी खिचडीचं ताट ठेवलं.

“गिरजाबाई, हे काय?”

“पटावर हाय ना, बाई. पटावर हाय त्याले ताट द्या लागते.”

“खातं कोण?”

“मी पायत नाई,” त्या म्हणाल्या. “ताट रिकामं येते, मी घासतो.”

आमच्या गावात एक रीत आहे. मिरचीला गेलेल्यांच्या दाराशी कुणी हाक मारली तर शेजारी आपल्या अंगणातून ‘ओ’ देतात. घर ओसाड आहे असं कुणी म्हणू नये, गेलेली माणसं सुखरूप परत यावीत म्हणून. मुलांनी तीच रीत वर्गात नेली होती. सरांनीही ती चालू दिली, कारण पट वीसच्या खाली गेला की शाळा बंद, ही धास्ती सगळ्या गावाने घेतलेली. दुसऱ्या शिक्षकाची जागा तीन वर्षांपासून रिकामी. चार इयत्तांना एकटे मिथुन सर, तेही आठवड्यातून दोन दिवस हजेरी घेऊन माहिती भरायला मूलला.

फेब्रुवारीत रंजीताची आई मंजुषा तिला घेऊन माझ्याकडे आली. संतापली होती.

“बाई, मले मूलच्या बाजारात जायचं होतं. ही वाचणारी पोट्टी संगं हाय म्हणून म्या हिले बसवरची पाटी विचारली. म्हणे, मूल. बसलो. उतरलो तं गडचिरोली!”

“तू काऊन बसली मग?” रंजीता पुटपुटली.

“आता माईच चूक काय गं?”

मी रंजीतापुढे तिसरीचं पुस्तक ठेवलं. तिने नदीचा धडा घडाघडा वाचला, एकही चूक नाही. वाचत असतानाच मी पान उलटलं. पुढे चित्रात वाघ होता. ती नदीच वाचत राहिली. मी पुस्तक उलटं धरलं, तरी नदी वाहतच होती. पाटीवर मी ‘घर’ लिहिलं. ते ती वाचू शकली नाही.

“कोणाची भूल लागली का हिले?” मंजुषाने हळूच विचारलं.

“भूल नाही. तिला फक्त ओ द्यायला शिकवलं आहे.”

त्या दुपारी मी मंजुषाला जे सांगितलं ते पानावर तसंच लिहून ठेवलं. शाळेत काय शिकवलं जातं हे वर्गात येऊन पाहायचा आईबापांना हक्क आहे. समितीत पालकच जास्त असतात. सभा बोलवा म्हणून त्यांना लेखी देता येतं. रिकाम्या जागेवर शिक्षक मागायचा अर्ज समितीच्या ठरावानिशी केंद्रप्रमुखाला आणि पुढे गटशिक्षणाधिकाऱ्याला द्यायचा, आणि पोचेवर शिक्का घेतल्याशिवाय उठायचं नाही. तेवढं थांबायची तयारी नसेल तर दाखला काढून मुलाला शेजारगावच्या शाळेत घालता येतं, वर्ष मध्यावर असलं तरी. दाखला अडवता येत नाही, आणि दाखल्याला उशीर झाला म्हणून नवी शाळा मुलाला परत पाठवू शकत नाही.

“हे आमाले कोणी सांगतलंच नाई,” मंजुषा म्हणाली. “पण अर्जात खरा पट लिवावा लागन ना?”

“लागेल.”

“मग गिरजामावशी सही नाई करणार.”

ती बरोबर बोलली. गिरजाबाई तीनदा माझ्या वऱ्हांड्यात आल्या आणि तीनदा मी लिहून ठेवलेल्या अर्जाला हात न लावता गेल्या. शाळा बंद होईल, असं म्हणत होत्या. तिसऱ्या खेपेला मात्र खरं बोलल्या.

“सात म्हयने झाले, बाई. रोज एकडाव तिचा आवाज ऐकतो. तेवढंच हाय माह्यापाशी. नाव काटलं का तेही जाईन.”

“तो रंजीताचा आवाज आहे, गिरजाबाई.”

“मागच्या बुधवारी रंजीता तापानं घरी होती,” त्या म्हणाल्या.

मी रोजनिशी काढून पाहिली. बुधवारच्या समासात तेवीस रेघा होत्या.

मार्चच्या शेवटी मिरचीची माणसं परतली. मंजुषाने घरोघर फिरून शनिवारी सकाळी सगळ्यांना शाळेत जमवलं. लोक दाराशी उभे होते, आत येत नव्हते. मुखरूभाऊ, ज्यांच्या दोन नाती शाळेत आहेत, म्हणाले, “सरले बोलून काय भेटन? शाळा गेली तं पोट्ट्या रानातून चार कोस जातीन का? वाघ का मामा हाय त्याइचा?”

मिथुन सरांनी काही लपवलं नाही. “मी एकटा पुरत नाही,” म्हणाले. “पण नावं कमी केली तर मला कोण विचारेल, तुम्हाला कोण विचारेल?”

मी म्हटलं, “सर, हजेरी घ्या. आज ओ आईबापांनी द्यायची.”

ते पुकारू लागले. बाया ‘हाय’ म्हणत होत्या, पुरुष मान हलवत होते. अकरावं नाव झालं. सर थांबले, मग हळू आवाजात म्हणाले, “सरिता.”

रंजीता आईपाशी उभी होती. मंजुषाने तिच्या तोंडावर हात ठेवलेला मी स्वतः पाहिला.

“हजर सर.”

नाकातला, बारीक आवाज. लोकांनी वळून एकमेकांकडे पाहिलं. कोपऱ्यातली दोन लहान मुलं मागे सरकली.

गिरजाबाई हातातला खिचडीचा डाव खाली ठेवून आत आल्या. “जो वापस येणार हाय त्याच्याचसाठी ओ देतेत,” त्या सगळ्यांना म्हणाल्या. “येणारच नाई त्याच्यासाठी ओ देऊ नये, हे मले माई सासू सांगून गेली होती. म्या आयकलं नाई. तिच्यापायी ह्या जित्या पोट्ट्या मुक्या राह्यल्या.” मग त्यांनी सरांच्या हातून पेन घेतलं, पटावर बोट फिरवत बाराव्या ओळीवर आल्या, त्या पानावरचा तो एकच शब्द त्यांना वाचता येत होता, आणि त्यावर आडवी रेघ ओढली. अर्जावर पहिली सही त्यांची झाली. त्यांच्यामागून मुखरूभाऊंनीही अंगठा दिला.

सोमवारी मंजुषाने रंजीताचा दाखला काढून तिला शेजारगावच्या शाळेत घातलं, ने-आण स्वतः बसने करायची ठरवून. पट आता एकवीस, अगदी काठावर. अर्जाची पोच माझ्या कपाटात आहे. पंधरा दिवसांनी आठवड्यातून तीन दिवस येणारी एक शिक्षिका मिळाली. ती मुलांना पानाबाहेरचं वाचायला लावते, आणि मुलं अजून अडखळतात.

पण तो सोमवार मला लिहून ठेवलाच पाहिजे. सरांनी एकवीस नावं पुकारली. ज्याची त्याने हजेरी द्यायची असं ठरलं होतं, आणि मी शाळा भरताना फाटकात उभी राहून मोजली होती, मुलं सतरा. समासात अठरा रेघा झाल्या. दहाव्या नावानंतर, कुणाचंच नाव घेतलेलं नसताना, एक ओ आली.

स्वयंपाकखोलीतून गिरजाबाई बाहेर आल्या. वर्गाच्या दारात, त्या रिकाम्या जागेकडे तोंड करून उभ्या राहिल्या. त्यांचा आवाज वऱ्हांड्यापर्यंत नीट पोचला.

“आता नको ओ देऊ, माय. कोणी बलावलं नाई तुले. जाय तू, मी हाय इथी.”

मग आत गेल्या. मंगळवारी रेघा सतरा. त्या दिवसापासून गिरजाबाई एक ताट घासून चुलीमागे पालथं ठेवतात, आणि सर नावं पुकारत असताना त्यांचा डाव थांबत नाही.