ब्रेक लावून बघणारा

धुळ्यात आमच्या शेजारी राहणारा तो माणूस गाडीचं मॅन्युअल ओळीवर बोट ठेवून वाचायचा आणि न मिळणारा भाग लेथवर स्वतः घडवायचा. ब्रेक दुरुस्त केला की गाडीसमोर जाऊन उभा राहायचा. गल्ली त्याला माथेफिरू म्हणते. मीही मान डोलवत आलो, म्हणून खरं ते लिहितो.

माझ्या जुन्या गाडीच्या ब्रेकला त्याने घडवलेला पिस्टन बसवला. दुसऱ्या दिवशी मी नातींना घेऊन घाटातून जाणार होतो.

"आबा, गाडी मन्हा आंगवर आना," तो गाडीसमोर उभा राहून म्हणाला.

मी आणली, पण घाबरून हँडब्रेकही ओढला.

"हँडब्रेक का वढा? परत आना!"

या वेळी मी फक्त पायाने ब्रेक दाबला. गाडी त्याच्या गुडघ्यांपाशी थांबली. त्याचे ओठ पांढरे पडले होते.

"आते पोरीस्ले बसाडा," तो म्हणाला.