पिवळ्या दाताची पाटी

"रस्ता न्हाई इचारायचा, सायब. मानूस इचारायचा."

हे म्हणताना मामा डाव्या हाताने टोपी मागे सरकवायचे आणि समोर दिसेल त्या पहिल्या माणसाकडे पाहुणा भेटल्यासारखे चालत जायचे. कोरेगाव भीमाच्या आमच्या कारखान्यात ते जुने फिटर. गाव दौंड तालुक्यातलं भांडगाव. आठवडाभर कोरेगावात खोली करून राहायचे, शनिवारी घरी जायचे. मशीनच्या अंगाला कान लावून "बेअरिंग गेलंय" असं सांगणारा एखादा माणूस तुमच्याही कामावर असेल. आमच्याकडे तो मान मामांचा.

कंपनीने नवीन मशीन घेतलं आणि त्याच्या ट्रेनिंगसाठी दोघांना दहा दिवस बँकॉकला पाठवायचं ठरलं. इंजिनिअर म्हणून मी जाणार होतो. फिटर कोण, यावर तरण्या पोरांत चढाओढ सुरू झाली. एक दिवस मामा मॅनेजरच्या केबिनमध्ये शिरले आणि त्यांनी टेबलावर पासपोर्ट ठेवला. रिटायर व्हायला वर्षभर राहिलेला, पुण्याला चला म्हटलं तरी "नगं, लई गर्दी" म्हणणारा हा माणूस. आम्ही सगळे चाट पडलो.

"मामा, पासपोर्ट कधी काढलात?"

"काढून ठिवला व्हता," एवढंच म्हणाले.

बँकॉकने पहिल्या दिवशी माझी भंबेरी उडवली. मी शिरूरचा. नगर रस्त्याची गर्दी लहानपणापासून पाहिलेली, पण इथे रस्त्यावर पूल, त्या पुलावर आणखी एक पूल आणि त्याच्याही वरून रेल्वे. फोनमध्ये नकाशा उघडून मी भर उन्हात उभा. नकाशातला निळा ठिपका आणि मी, दोघंही जागच्या जागी फिरत होतो. मामांनी माझ्या हातातला पत्त्याचा कागद घेतला आणि कोपऱ्यावर कैऱ्या कापत बसलेल्या बाईपुढे धरला. ती बाई सुरी खाली ठेवून उठली आणि आम्हाला थेट स्टेशनच्या जिन्यापर्यंत सोडून आली. जाताना मामांच्या हातावर तिखटमीठ लावलेली कैरीची फोड ठेवून गेली.

तिसऱ्या दिवसापासून मामा संध्याकाळी एकटेच बाहेर पडू लागले. "जरा पाय मोकळं करून येतो." एकदा हॉटेलच्या खिडकीतून पाहिलं तर ते नारिंगी जाकीट घातलेल्या चालकामागे भाड्याच्या मोटारसायकलीवर बसून चालले होते, टोपी खिशात आणि डोक्यावर हेल्मेट. एकदा मलाही त्यांनी कालव्यातल्या बोटीवर नेलं. ती बोट काठाला जेमतेम टेकते, आपण उडी मारून चढायचं. पाणी अंगावर उडायला लागलं की बसलेल्या लोकांनीच दोरी ओढून प्लॅस्टिकचा पडदा वर करायचा. मामा सरावल्यासारखे दोरी ओढत होते.

"आपल्या भीमंच्या पान्याला कवा नावं ठिवायची न्हाईत बगा," नाकाला रुमाल लावून ते म्हणाले.

मी बायकोला फोनवर सांगितलं, मामांना इथे तरुणपण आलंय.

एकच गोष्ट मला खटकायची. दातांच्या दवाखान्याची पाटी दिसली की मामा थांबायचे. पाटीकडे बघायचे, मग आजूबाजूला बघायचे आणि पुढे निघायचे. "दात दुखतोय का?" मी विचारलं. "व्हय, जरासा." मी गोळी दिली. त्यांनी ती माझ्यासमोर पाण्याबरोबर घेतली.

सातव्या दिवशी ट्रेनिंगच्या ठिकाणी आम्हाला कॉफी देणारी बाई माझ्याजवळ आली. तिला इंग्रजी येत नव्हतं. आपल्या फोनवर तिने काहीतरी टाइप केलं आणि त्याचं भाषांतर माझ्यापुढे धरलं. तिथे लिहिलं होतं, "तुमच्या मित्राचा हरवलेला मुलगा सापडला का?"

मी ते तीनदा वाचलं. मामांचा धाकटा मुलगा दुबईला नोकरीला लागला म्हणून मामांनी कारखान्यात पेढे वाटले होते. मी दोन खाल्ले होते.

संध्याकाळी बोटीच्या धक्क्यावर मी त्यांना गाठलं आणि सरळच विचारलं. मामा पायरीवर बसले. खिशातून प्लॅस्टिकच्या वेष्टनातला फोटो काढून त्यांनी माझ्या हातात दिला. पादचारी पुलावर उभा असलेला तेवीस-चोवीस वर्षांचा हसरा पोरगा. त्याच्या मागे एका दवाखान्याची पाटी आणि पाटीवर भला मोठा पिवळा दात. फोटोच्या पाठीवर थाई भाषेत चिठ्ठी चिकटवलेली होती. कॉफीवाल्या बाईने फोनवरच्या भाषांतरावरून लिहून दिलेली. हा माझा मुलगा आहे, ही जागा कुठे आहे.

"दुबई म्हनून एजंटानं त्येला हितं उतरवला," मामा म्हणाले. "कॉम्पुटरचं काम म्हनलं व्हतं. उतरल्यावर ह्यो फोटू धाडला. मंग दोन म्हयनं काय न्हाई. आन् मंग ह्ये आलं."

त्यांनी फोन माझ्या कानाला लावला. दबक्या आवाजातलं बोलणं होतं. 'बाबा, बॉर्डरच्या पलीकडं आणलंय. फोनवर लोकांना फसवायला बसवत्यात. न्हाई म्हनलं की मारत्यात. मला हितनं काढा.' पुढे नुसतीच खरखर.

त्या गर्दीत, बोटींच्या धडधडीत मी तो निरोप पुन्हा एकदा ऐकला.

"पोलिसात दिलंय समदं. एजंटाचा फोन बंद हाय. तवाच पासपोर्ट काढला."

"मला का नाही सांगितलंत?"

"कंपनीला कळलं असतं तर मला धाडलं असतं व्हय?"

दुसऱ्या दिवशी ट्रेनिंग सुटल्यावर आम्ही दोघं निघालो. मामांनी पाच संध्याकाळी पायाखाली घातलेले रस्ते सोडून कालव्याची दुसरी दिशा धरली. चौथ्या थांब्यावर मामांनी फोटो एका शहाळेवाल्याला दाखवला. त्याने मागची चिठ्ठी वाचली, कोयता खाली ठेवला आणि आम्हाला गल्लीच्या तोंडाशी नेऊन बोट वर केलं. तिथे पिवळा दात होता.

मी पळत फोटोतल्या पुलावर चढलो. मामा मात्र खालीच उभे राहिले, कठडा धरून.

दवाखान्याशेजारी एक साधं लॉज होतं. मालकिणीने फोटो पाहिला, चिठ्ठी वाचली आणि कपाटातून पासपोर्टच्या झेरॉक्सची फाइल काढली. मुलाची झेरॉक्स निघाली. खाली त्याची सही होती. मामांनी सहीवरून बोट फिरवलं, जणू शाई अजून ओली असावी. बाईने माझ्या फोनवर बोलून भाषांतर करून दिलं: एक रात्र राहिला, सकाळी व्हॅन आली. अशी मुलं नेहमी येतात. कुठे जातात मला माहीत नाही. आज पण दोन आहेत.

मी वळून पाहिलं. दाराजवळच्या बाकावर दोन पोरं पाठीवरच्या पिशव्या मांडीवर घेऊन बसली होती.

मामा त्यांच्यामध्ये जाऊन बसले. "बेटा, किदर जानेका है?"

"जॉबसाठी आलोय, काका," त्यातला एक मराठीतच म्हणाला. तो जालन्याचा निघाला. दुसरा लखनौकडचा. "कॉम्प्युटरवरचं काम आहे. आत्ता गाडी येईल."

मामांनी काही समजावलं नाही. त्यांनी फोन काढला, आवाज मोठा केला आणि मुलाचा तो निरोप लावला. एकदा झाल्यावर परत लावला. जालन्याच्या पोराने लखनौवाल्याला हळू आवाजात हिंदीत सांगितलं.

"ह्यो माझा पोरगा," मामा म्हणाले. "ह्याच बाकावर बसला आसंल. उठा."

गल्लीच्या तोंडाशी एक पांढरी व्हॅन वळायला जागा शोधत होती. मालकिणीने एकदा तिच्याकडे आणि एकदा आमच्याकडे पाहिलं आणि न बोलता स्वयंपाकघराचं मागचं दार उघडून दिलं. मामा पुढे, मध्ये दोन्ही पोरं, शेवटी मी. धक्क्यावर बोट सुटतच होती. आम्ही उड्या मारल्या. जालन्याच्या पोराच्या खिशात फोन वाजायला लागला. तो मामांकडे बघत राहिला.

"वाजू दे," मामा म्हणाले आणि त्यांनी दोरी ओढून पडदा वर केला.

आपल्या वकिलातीत आम्ही सगळं लिहून दिलं, लॉजचा पत्ता, झेरॉक्स, निरोप, त्या पोरांचे जबाब. ती दोघं आमच्या आधीच, दोन दिवसांत घरी पोचली. जालन्याच्या पोराच्या आईने फोन केला तेव्हा मामा फक्त "व्हय, व्हय" म्हणत होते. फोन ठेवल्यावर बराच वेळ टोपीने तोंड पुसत बसले. दोन परकी पोरं सोडवणारा हा बाप स्वतःच्या पोराशिवाय विमानात बसला. मी खिडकीकडे तोंड करून बसलो होतो. त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

पुढे पाच महिन्यांनी सीमेपलीकडच्या त्या जागेवर छापा पडला आणि सुटलेल्यांच्या यादीत मामांच्या मुलाचं नाव आलं. मामा दिल्लीला जाऊन त्याला घेऊन आले आणि नंतर कामावर आलेच नाहीत. राजीनामा पोस्टाने आला. कारखान्यात नवीन मशीन बिघडलं की आम्ही दोघं-तिघं त्याच्याभोवती उभे राहतो. कान लावायचा तर कुणी लावायचा, हे कुणालाच कळत नाही.

गेल्या महिन्यात भांडगावला गेलो होतो. मुलगा ओसरीवर शेंगा फोडत बसला होता. तो माझ्याकडे बघून हसला, पण माझा फोन वाजताच ताडकन उठून गोठ्यामागे निघून गेला. मी फोन बंद केला.

"त्येला मराठीत फोन करायला लावायचे," मामा हळूच म्हणाले. "आपल्याच लोकांला. म्हातारी मानसं हुडकून."

घरात शिरताना पाहिलं, एकाही खोलीला दार नव्हतं. नुसत्या चौकटी. एका चौकटीला गोधडी टांगलेली होती. दारांच्या फळ्या अंगणात भिंतीला लावून ठेवलेल्या.

"दार लावलं की वराडत उठायचा," मामांनी सांगितलं. "मंग समदीच उतरवली."

मी बिजागऱ्यांचं विचारलं. मामांनी कोनाड्यातून एक फडकं काढून उलगडलं. सगळ्या बिजागऱ्या तेल लावून, स्क्रूसकट, जोडी जोडीने बांधून ठेवलेल्या होत्या.

"गंजाय नगं," ते म्हणाले, आणि फडक्याला परत गाठ मारली.