चिंगी पलंगाखालून बाहेर येईना

"मॅडम, चावली ती मला. आता परत द्यावी लागणार," निखिल म्हणाला. त्याच्या मनगटाला बँडेज होतं. चिंगी पलंगाखाली, भिंतीला चिकटून थरथरत होती.

निखिल आणि सायली पुण्याचे. दोघंही आयटीत, इथे बंगळुरूत हेब्बाळला फ्लॅट. चिंगीला शेल्टरमधून आणून आठवडाही झाला नव्हता. बिथरलेल्या कुत्र्यांना घरात रुळवणं हे माझं काम.

"चावली तेव्हा तुम्ही काय करत होतात?"

"पट्टा धरून बाहेर ओढत होतो. किती दिवस तिथेच बसणार?"

मी म्हटलं, बसू दे. याला आम्ही डीकम्प्रेशन म्हणतो. म्हणजे काही आठवडे कुत्र्याला नुसतं राहू द्यायचं. हाका नाहीत, कुरवाळणं नाही, पाहुणे नाहीत. चिंगीला आधी कुणी आणि किती मारलं होतं, कुणालाच ठाऊक नव्हतं. तिच्या लेखी हे घरही धोक्याचंच.

कुत्रा निखिलला हवा होता. सायलीला तर कुत्र्यांची भीतीच वाटायची. पण माझं ऐकलं तिनेच. लॅपटॉप घेऊन ती त्या खोलीत, चिंगीकडे पाठ करून जमिनीवर बसायला लागली. एका दुपारी तिचा फोन आला. अगदी कुजबुजत.

"मॅडम, तिने माझ्या पायाला नाक लावलंय. काय करू?"

"काही करू नका. हलू नका."

"रडले तर चालेल?"

त्याच आठवड्यात शनिवारी निखिलने टीममधल्या मित्रांना जेवायला बोलावलं. कळल्यावर मी त्याला फोन केला. "सर, एवढ्यात नको."

"स्वल्प ॲडजस्ट करू, मॅडम," 'थोडं सांभाळून घेऊ' हे इथलं कानडी पालुपद टाकत तो हसला. "सगळ्यांना बघायचंय तिला. लांबूनच दाखवतो."

दुपारी कुणीतरी बाथरूम समजून तिच्या खोलीचं दार उघडलं. बाहेरचं दार पार्सल घ्यायला उघडलेलं होतं. चिंगी जिन्यावरून खाली, गेटमधून थेट सर्व्हिस रोडवर. सगळे तिच्या नावाने ओरडत मागे धावले. घाबरलेलं कुत्रं हाकेने थांबत नाही, आणखी जोरात पळतं.

सायलीचा फोन आल्यावर मी पोचले तेव्हा कॅबने तिला उडवलं होतं. सायली फुटपाथवर तिला ओढणीत गुंडाळून बसली होती. श्वास चालू होता. दवाखान्यात पोचेपर्यंत थांबला.

"माझा फार जीव होता तिच्यावर," निखिल म्हणाला.

"मग घाई कसली होती तुला?" सायलीने विचारलं.

आता शेल्टरने कुत्रा देण्याआधीच मी घर बघायला जाते. कुठला कुत्रा हवा ते नंतर विचारते. आधी विचारते, पाहुणे कधी येणार आहेत? 'याच रविवारी, कुत्रा बघायला' असं उत्तर आलं, की शेल्टरला कळवते, इथे एवढ्यात देऊ नका.