मूठभर बेदाणे

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, तासगावच्या भावाला नाही. देवापुढे बसते तेव्हा देवालाही नाही — त्याला म्हणे सगळं ठाऊक असतं, मग कशाला तोंड उघडा? तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि ओळखत असाल तर — असू दे. आता काय.

गोष्ट एवढीच की एक कुत्रं मेलं. साडेचार महिन्यांचं पिल्लू. सात वर्षं झाली त्याला. तुम्ही म्हणाल, बाई, एका कुत्र्याचं काय एवढं घेऊन बसलीस? मीही स्वतःला हेच सांगत आले. पण ते कुत्र्यावर थांबलं असतं तर मी आज बोललेच नसते.

आम्ही इकडे बंगालात, बेहालाला राहतो, बाजारामागच्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर. नवऱ्याची नोकरी इथली, म्हणून लग्न होऊन आले ती इथलीच झाले. मासे साफ करायला शिकले, बंगालीत भांडायला शिकले — भांडायला मला कुठलीही भाषा लवकर येते. पण एक माहेरची गोष्ट सोडली नाही. आमची द्राक्षाची बाग, बेदाण्याचं शेड. रात्री वाटीत बेदाणे भिजत घालायचे आणि सकाळी उपाशीपोटी घरातल्या प्रत्येकाच्या तळहातावर ठेवायचे. माझ्या वडिलांचा नियम. सुनेला, पोराला, कामाच्या गड्याला, दारात आलेल्या पाहुण्याला — सगळ्यांना सारखे. ते शेड वडिलांनी स्वतः उभं केलं. आता भाऊ बघतो आणि दर दोन-तीन महिन्यांनी मला पार्सल पाठवतो. ते फोडलं की स्वयंपाकघरात माहेरचा वास येतो. माझा जीव तिथे अडकलेला आहे, हे आधीच सांगून ठेवते.

माझी मुलगी जुही तेव्हा तेरा वर्षांची. बिर्याणीच्या दुकानामागे तिला ते पिल्लू सापडलं. इथल्या बिर्याणीत बटाटा असतो, आणि तो तिचा जीव की प्राण, म्हणून नाव ठेवलं आलू. मी आधी खूप आदळआपट केली. घरात कुत्रं आलं तर मी जाईन वगैरे. चार दिवसांत आलू माझ्याच पायात घोटाळायला लागला. मी पोळ्या लाटायला बसले की पावलावर हनुवटी ठेवून झोपायचा मेला. हलायची सोय नाही.

डॉक्टरांनी एक छापील कागद दिला होता, कुत्र्याला काय काय द्यायचं नाही त्याचा. जुहीने तो फ्रिजवर लावला आणि मला मोठ्याने वाचून दाखवला. चॉकलेट नाही. कांदा-लसूण नाही. द्राक्षं नाहीत. आणि बेदाणे — त्याखाली तिने लाल पेनने दोनदा रेघ मारली आणि माझ्याकडे बघितलं. "आई, हे तुझ्यासाठी."

मला राग आला. आता सांगताना लाज वाटते, पण आला. बेदाणे विष? आमच्या शेडातले? ज्यांच्यावर आमचं अख्खं खानदान वाढलं, ते एका कुत्र्याला बाधणार? मी तोंडाने "बरं बरं" म्हटलं आणि मनात म्हटलं, या कागदवाल्यांना काय कळतंय.

म्हणजे मला माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय नाही मला. कळतंय ना तुम्हाला? माहीत होतं. वाचून दाखवलं होतं.

फेब्रुवारीत भावाचं पार्सल आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी जुही शाळेत गेली, हे आधीच टूरवर गेले होते. ओट्यावर भिजलेल्या बेदाण्यांची वाटी होती आणि खाली आलू शेपटी हलवत बसला होता. घरात प्रत्येकाच्या हातावर पडतात, मग हा काय घरातला नाही? मी मूठभर दिले. त्याने मिटक्या मारत खाल्ले. मला इतकं बरं वाटलं! मी त्याला म्हटलंसुद्धा, "बघ, काही होतंय का? उगाच मेली भीती घालतात." वाटीत उरले होते तेही दिले.

दुपारी तो ओकला. बाल्कनीच्या दाराशी. त्यात बेदाणे होते, टम्म फुगलेले, जसेच्या तसे.

मी काय केलं असेल? जुही यायला अर्धा तास होता. मी फडकं घेतलं, पुसलं, फिनाइल टाकलं, फडकं पिशवीत बांधून खाली कचऱ्यात टाकून आले. मग हात धुतले आणि तिच्यासाठी पोहे केले. कोथिंबीरसुद्धा चिरली.

संध्याकाळपर्यंत तो आणखी तीनदा ओकला. आता त्यात नुसता फेस. जुही त्याला टॉवेलमध्ये गुंडाळून, ऑटो करून डॉक्टरांकडे घेऊन गेली — मी बरोबर होतेच. डॉक्टरांनी विचारलं, काही खाल्लंय का? चॉकलेट? उंदराचं औषध? द्राक्षं, किशमिश? बंगालीत विचारलं, मग माझ्याकडे बघून हिंदीत विचारलं. नीट, सावकाश. मी तोंड उघडलं होतं — खरंच उघडलं होतं — तेवढ्यात जुही म्हणाली, "नाही डॉक्टर, यादी आमच्या फ्रिजवर आहे. आई बघूनच देते सगळं."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "ना."

एक अक्षर. बंगालीतही तेच, हिंदीतही तेच.

त्यांनी पोट बिघडलंय समजून इंजेक्शन दिलं आणि घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी आलूने पाण्याला तोंड लावलं नाही. सू केली नाही. जुही शाळा बुडवून त्याच्याजवळ बसली होती आणि मी देवाजवळ दिवा लावून नवस बोलत होते. डॉक्टरांना एक फोन करायला काय झालं होतं मला? फोन ओट्यावरच होता. मी तो दोनदा उचलला. दोनदा मनात म्हटलं, उद्यापर्यंत उतार पडेल. नवस बोलणं सोपं असतं हो, देव उलट प्रश्न विचारत नाही.

तिसऱ्या दिवशी परत नेलं तेव्हा रक्त तपासलं. मूत्रपिंडं गेली होती. सलाइन लावलं, आणि दुपारी जुहीच्या मांडीवर तो गेला. डॉक्टर म्हणाले, नक्की कशानं ते सांगता येत नाही, पण पोटात काहीतरी विषारी गेलं असावं. पहिल्याच दिवशी कळलं असतं तर कदाचित काही करता आलं असतं. कदाचित, एवढंच म्हणाले. मी तो शब्द सात वर्षं उलटा-सुलटा करून बघतेय.

पण जुहीने दुसराच शब्द उचलला. विष.

आता दत्तबाबूंचं सांगते. हे सांगायलाच खरं तर बसले होते, आणि बघा, किती लांबून वळसा घेत आले.

दत्तबाबू आमच्या खालच्या मजल्यावर राहायचे. खिदिरपूरच्या गोदीतून रिटायर झालेले, बायको वारलेली. मला बौमा म्हणायचे, म्हणजे सूनबाई. जुही त्यांना दादू, म्हणजे आजोबा, म्हणायची, पाचवीपासून गणित त्यांच्याकडेच शिकली. बायको गेल्यावरही दर थंडीत ते तिच्या पद्धतीने डाळीच्या वड्या गच्चीवर वाळत घालायचे — आपले सांडगेच म्हणा. हात थरथरायचे, तरी एकेक वडी टोकदार. त्या जानेवारीत आलू गच्चीवर सुटला आणि सगळ्या वड्या तुडवून टाकल्या. दत्तबाबू जिन्यात येऊन ओरडले होते, "या कुत्र्याला एक दिवस विष घालीन!" अख्ख्या इमारतीने ऐकलं. दुसऱ्या दिवशी आलूसाठी बिस्किटाचा पुडा घेऊन तेच वर आले होते. ते मात्र मी एकटीनेच पाहिलं.

आलूला पुरून आलो आणि जुही सरळ त्यांच्या दारावर धडकली. तेरा वर्षांची पोर, रडून डोळे सुजलेले. जिन्यात उभी राहून किंचाळली की तुम्ही मारलंत त्याला, तुम्ही. दारं उघडली. लोक जमले. मी वरच्या पायरीवर उभी होते. चोर सोडून संन्याशाला फाशी चालली होती, आणि चोर कठड्याला धरून बघत होता.

संध्याकाळी दत्तबाबू काठी टेकत वर आले. आत आले नाहीत. उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले, "बौमा, तुलाही तसंच वाटतं?"

मी काहीच बोलले नाही. हो म्हणाले नाही, एवढीच काय ती माझी नीती. त्यांनी मान हलवली आणि एकेक पायरी उतरत गेले. मी दार लावून घेतलं.

गल्ली लहान असते हो. लोकांच्या जिभेला हाड नाही. त्या वर्षी दुर्गापूजेच्या मंडपात त्यांच्या नेहमीच्या खुर्चीशेजारी कुणी बसलं नाही. शेजारची एक मुलगी गणिताला यायची, तीही बंद झाली. पुढच्या वर्षी मुलगा त्यांना शहराच्या दुसऱ्या टोकाला, डमडमला घेऊन गेला. सामान उतरताना मी खिडकीतून पाहिलं.

मी एकदा डमडमला गेले. सांगायचंच असं ठरवून, मेट्रोने, कुणाला न सांगता. दत्तबाबू थकले होते, पण मला बघून इतके आनंदले की मलाच बसवेना. चहा झाला. इकडचं तिकडचं झालं. शब्द ओठांपर्यंत आला की मी बिस्कीट तोंडात घालायची. निघताना त्यांनी आतून डबा आणला. वड्या. "जुहीला आवडतात," म्हणाले. "माझ्या म्हणून सांगू नकोस, खायची नाही ती."

मी तो डबा घेतला. घरी आले, वांग्यात घालून भाजी केली. जुहीने दोनदा मागून घेतली, विचारलं, कुठून आणल्यास? मी म्हटलं, बाजारातून.

त्यांनी बिचाऱ्यांनी जे खोटं माझ्या हातात दिलं, तेसुद्धा मी वापरलं.

आता जुही वीस वर्षांची आहे, पुण्यात शिकते. गेल्या आठवड्यात सुटीला आली. दुपारी जेवायला बसलो होतो, तेवढ्यात पहिल्या मजल्यावरच्या बाई सांगून गेल्या — दत्तबाबू गेले, डमडमला, झोपेतच. मी दार लावून परत आले. जुहीचा हात ताटावर थांबला होता. वाटलं, रडेल. तिला अपूर्णांक शिकवणारा माणूस.

ती म्हणाली, "बरं झालं."

फ्रिजवर ती यादी अजून आहे. कडा पिवळ्या पडल्यात, लाल रेघ फिकी झालीय. ती तिच्या पाठीमागे होती आणि माझ्या समोर.

मी तिच्या ताटात भात वाढला.